रस्त्यावर सायकल, टेकडीवर ट्रक

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा २९ वर्षांचा. चार महिन्यांपूर्वी पुण्यात कोथरूडहून बाणेरच्या ऑफिसला सायकलने जायला लागला. रोज कोणीतरी कट मारतं, कोणीतरी हॉर्न वाजवत अंगावर येतं, सायकल ट्रॅकवर गाड्या लावलेल्या असतात, आणि दिवसाआड कोणाशी तरी भांडण होतं. रविवारी डोकं शांत करायला वेताळ टेकडीवर सायकल नेली, तर तिथे एका आजोबांनी काठी आडवी घालून "ही काय सर्कस आहे का?" म्हणून सगळ्यांदेखत झापलं. रस्त्यावर गाडीवाल्यांना नको, टेकडीवर चालणाऱ्यांना नको, मग सायकलवाल्याने जायचं कुठे? आणि शेवटी : मोठा इलेक्ट्रिक हॉर्न आणि कॅमेरा बसवू का?

हॉर्नचं आधीच सांगून टाकते. नका बसवू. का, ते ओघात येईलच.

मी कोण हे सांगणारी, तर सायकलवर चाळीसेक वर्षं काढलेली बाई. पहिली सायकल तासावर भाड्याने आणलेली, नळीखालून पाय घालून चालवलेली. मधली काही वर्षं स्कूटर होती. गेली पंधरा वर्षं बाराही महिने कामावर सायकलनेच जाते, २०० आणि ३०० किलोमीटरच्या काही ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब सायकलफेऱ्या, झाल्यात, आणि सुट्टीच्या सकाळी मोठ्या माणसांना, म्हणजे ज्यांची सायकल कॉलेजबरोबर सुटली अशांना, पुन्हा रहदारीत चालवायला शिकवते. त्यामुळे तुमच्यासारखे चार महिन्यांनी पेटलेले लोक मला नवे नाहीत. चौथा महिना वाईटच. पहिले तीन महिने नवलाईत जातात, चौथ्यात माणूस मोजायला लागतो.

मागच्या महिन्यातली गोष्ट. कर्वे रस्त्यावरच्या एका सिग्नलला आम्ही सगळे थांबलेलो. पुढे एक मुलगी स्कूटरवर, स्टँड खाली लोंबकळत होतं. माझ्या उजव्या हाताला मोटरसायकलवर एक गृहस्थ, मागे भाजीची पिशवी बांधलेली. त्यांनी पार मान लांब करून हाक मारली, "ताई, स्टँड!" तिने टाचेने स्टँड मारलं, मागे न बघताच हात केला, गृहस्थ खूश. सिग्नल सुटला आणि त्याच गृहस्थांनी माझ्या पुढच्या चाकासमोरून सर्रकन डावीकडे गाडी घातली. मी दोन्ही ब्रेक दाबले, पाय टेकला, पेडल पोटरीत लागलं. त्यांनी वळूनही बघितलं नाही. उद्धटपणा नव्हता हो तो. त्यांच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला या सिग्नलवर दिसतं. आपल्याकडे रस्त्यावर सौजन्य नाही असं आपण म्हणतो, पण अनोळखी माणसाला पन्नास फुटांवरून "स्टँड!" ओरडून सांगणारे लोक आपल्याच गावात आहेत. "ओढणी सांभाळा", "काकू, पदर चाकात जाईल", "दार नीट लागलं नाही" हेही आपण सांगतो. पूर्वी दिवसा दिवा चालू दिसला की समोरचा पंजा उघडमीट करून दाखवायचा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा कायम चालूच ठेवायचा नियम आला आणि ती खूण गेली. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. जो धोका माणसाने स्वतःच्या अंगावर घेतलाय, तोच त्याला दुसऱ्याच्या बाबतीत दिसतो. स्टँडने आपटलेला किंवा आपटता आपटता वाचलेला माणूस आयुष्यभर दुसऱ्यांची स्टँडं बघत फिरतो. सायकलचे धोके मात्र आता फारच थोड्यांच्या अंगात उरलेत. तुम्हाला कट मारणारा चाळिशीचा माणूस शेवटचा सायकलवर बसला तेव्हा दहावीत होता, आणि तेव्हा रस्त्यावर दर पावलाला दुसरी सायकल होती.

आमच्या लहानपणी सायकलला पालिकेचा बिल्ला लागायचा. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडलात की पोलीस चाकातली हवा सोडायचा आणि मग ढकलत घरी. तेव्हा त्याचा भयंकर राग यायचा. आज वाटतं, निदान सायकल हे वाहन आहे हे कोणीतरी धरून चाललं होतं.

त्यामुळे समोरच्याने समजून घ्यावं ही अपेक्षा काही दिवस बाजूला ठेवा. त्याला माहीत नसलेल्या गोष्टी तुम्हाला वागण्यातून दाखवाव्या लागतात. माझा हिशेब तीन सेकंदांचा आहे : पुढच्या तीन सेकंदांत मी काय करणार हे मागच्याला कळलं पाहिजे. ताशी २० किलोमीटरने तुम्ही सेकंदाला साडेपाच मीटर जाता. ताशी ५० ने येणारी मोटार जवळजवळ चौदा. म्हणजे तीन सेकंदांत ती तुमच्याशी पंचवीस मीटरचं अंतर खाऊन टाकते. खड्डा दिसल्यावर आयत्या वेळी उजवीकडे मारलेला झोल तिला कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

म्हणून पहिली सवय बदला : कडेला चिकटून चालवू नका. नवीन माणूस भीतीने अगदी डांबराच्या काठाला जातो. तिथे काय असतं? वाळू, काचा, खचलेली चेंबरची झाकणं, आणि पावसाच्या पाण्याच्या त्या जाळ्या. त्यांचे गज रस्त्याच्या दिशेने असले की पंचवीस मिलिमीटरचं टायर थेट आत. प्रत्येक अडथळ्याला तुम्ही बाहेर येता, पुन्हा आत जाता. मागच्याच्या डोळ्यांना तुम्ही नागमोडी जाताय. काठापासून साधारण एक मीटर आत, सरळ रेषेत चालवा. मागचा कुरकुरेल, हॉर्न वाजवेल, पण त्याला ठरवावं लागेल की थांबायचं की लेन बदलून जायचं. तुम्ही काठाला असलात की तो काहीच ठरवत नाही, उरलेल्या फटीतून घुसतो. कट बसतात ते बहुतेक या फटीतच. आणि डावीकडे ठेवलेला तो मीटर तुमचा राखीव असतो. खरंच कोणी अंगावर आलं तर सरकायला.

दुसरी सवय, मागे वळून बघणं. आरसा लावा, मीही लावलाय, पण आरशात तुम्ही बघितलेलं मागच्याला कळत नाही. मान वळवून पूर्ण चेहरा दाखवला की गाडीचा वेग हमखास उतरतो. चेहरा दिसला की समोर "सायकल" नसते, कोणीतरी असतं. यात एक गोम आहे, लक्षात ठेवा, टेकडीवर पुन्हा लागेल : ज्या खांद्यावरून आपण मागे बघतो त्याच बाजूला नकळत सरकतो. शिकवायला आलेल्या दहातली नऊ माणसं उजवीकडून मागे बघताना सायकल हातभर उजवीकडे नेतात. मोकळ्या मैदानात चुन्याची रेघ मारून आठवडाभर सराव करा. मग हात दाखवा, मग वळा. हात दाखवणं म्हणजे खांद्यापर्यंत पूर्ण हात. कमरेशी दोन बोटं हलवणं कोणाला कळत नाही.

डावीकडे वळणाऱ्यांबद्दल. हे सिग्नलला सगळ्यात जास्त होतं आणि याचं कारण सरळ आहे, सायकल हळू असते असं धरून लोक पुढे काढतात आणि वळतात. मोटरसायकलवाला निदान तुम्हाला चाटून निसटतो. बस आणि ट्रकच्या बाबतीत खेळ वेगळा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्याच्या केबिनच्या डाव्या बाजूचा, पुढच्या चाकापासून मागे जाणारा पट्टा त्याला जवळजवळ दिसत नाही, आणि आपण नेमके तिथेच जाऊन थांबतो कारण तिथे फट असते. सिग्नलला एक तर एवढं पुढे जा की चालकाच्या काचेतून तुमची पाठ दिसेल, नाहीतर त्याच्या मागे राहा. त्याच्या शेजारी कधीच नाही. घाई असली तरी नाही, पाऊस असला तरी नाही.

उघडणारी दारं हा तिसरा प्रकार. उभ्या मोटारींच्या रांगेजवळून जाताना दाराच्या रुंदीएवढं, म्हणजे मीटरभर, अंतर ठेवा. ते सोडणं म्हणजे रस्ता अडवणं असं मागच्याला वाटेल, वाटू दे. आणि तुम्ही स्वतः मोटारीत बसता तेव्हा, आपण सगळेच कधीतरी बसतो, दार लांबच्या हाताने उघडा. चालकाने डाव्या हाताने, डावीकडे उतरणाऱ्याने उजव्या. खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे जाते. रिक्षात असलात तर उतरण्याआधी डोकं बाहेर काढून बघा. हे मी घरातल्या सगळ्यांना इतक्यांदा सांगितलंय की आता भाचा दार उघडण्याआधी "सायकल नाही" असं मोठ्याने जाहीर करतो.

आता हॉर्न. मोठा आवाज अचानक पाठीत आला की माणूस दचकतो, आणि दचकल्यावर हात आधी हलतात. सायकलवर हात हलणं म्हणजे हँडल हलणं. म्हणजे ज्याने "मी येतोय, सरळ राहा" म्हणून हॉर्न दिला, त्यानेच तुम्हाला वाकडं केलेलं असतं. तुम्हाला हे चार महिन्यांत पाठ झालं असेल. मग तोच हॉर्न स्वतःच्या हँडलला लावून पुढच्या पायी माणसावर, शाळेच्या पोरांवर, दुधाच्या किटल्या लावलेल्या सायकलवर वाजवणार? शिवाय मोटारीच्या बंद काचांमागे, गाण्याच्या आवाजात, तो ऐकू येतो असंही नाही.

ट्रॅकबद्दल मी थोडक्यात बोलणार आहे, कारण त्यावर पुणेकर तासभर बोलू शकतात आणि बोलतात. सातारा रस्त्यावर २००६-०७ च्या सुमारास बीआरटी, म्हणजे बससाठीची वेगळी मार्गिका, आली तेव्हापासून शहरात सायकल ट्रॅक होतायत. डिसेंबर २०१७ मध्ये तर शहराचा अख्खा सायकल आराखडा मंजूर झाला. कागदावर आपण फार पुढे आहोत. प्रत्यक्षात ट्रॅकवर पेव्हर ब्लॉक, मग गाड्या अडवायला रोवलेले बुटके खांब, मग झाड, मग विजेचा डबा, मग पाणीपुरीची गाडी आणि मग एकदम उतार संपून रस्ता. फुटपाथवर किंवा सायकल ट्रॅकवर वाहन चालवायचं नाही हा नियम देशाच्या रस्ता नियमांत १९८९ पासून आहे. तो त्या ट्रॅकवरून उलटा येणाऱ्या स्कूटरवाल्याला सांगून बघा. मी एकदा सांगितला. तो म्हणाला, "काकू, तुम्ही रस्त्याने जा ना, रिकामाय." गंमत अशी की बरोबर होतं त्याचं.

ट्रॅक सलग शंभर-दीडशे मीटर मोकळा मिळत असेल तर घ्या. तुकड्यातुकड्याने घेऊ नका. दर वेळी ट्रॅकवरून खाली उतरताना तुम्ही गाडीवाल्यासाठी हवेतून प्रकट होता, त्याच्यापेक्षा सतत त्याच्या नजरेत असलेलं बरं.

एक गोष्ट मात्र तुमच्या प्रश्नात कुठेच नाही, आणि आमच्या हेल्मेटवाल्यांच्या गप्पांतही क्वचितच असते. "सायकलवाले" म्हणजे आपण नव्हे. सकाळी सात वाजता बांधकामावर निघालेला, हँडलला डबा अडकवलेला गवंडी, रात्रपाळी संपवून परतणारा वॉचमन, पेपर टाकणारा पोरगा, हे आपल्याआधीपासून रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या सायकलला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. ते उलट्या बाजूने येतात म्हणून आपण चिडतो. दुभाजकाची फट अर्धा किलोमीटर पुढे असेल आणि दिवसभर विटा वाहून झाल्या असतील तर बघू कोण वळसा घालतं. मी सीटखालच्या पिशवीत रिफ्लेक्टिव्ह टेपचे कापलेले तुकडे ठेवते, मागे लावायला लाल, पुढे पांढरे. सिग्नलला थांबलेल्याला विचारते, "दादा, लावू का? पैसे नाहीत." लोक आधी संशयाने बघतात, बाईंचं काहीतरी विक्रीचं असणार म्हणून, मग मडगार्ड पुढे करतात. एक तुकडा पेडलच्या दांडीवर लावायचा. वरखाली हलणारा ठिपका दिसला की लांबूनच कळतं की सायकल आहे. स्थिर ठिपका गेटवरचाही असू शकतो.

स्वतःच्या दिव्याचंही बघा. बऱ्याच हौशी सायकलवाल्यांचे पुढचे दिवे सरळ समोरच्याच्या डोळ्यांत जातात, तेही लुकलुकणारे. दिवा खाली, दहा-पंधरा मीटरवरच्या रस्त्यावर पडला पाहिजे. मोटारवाल्याने अप्पर टाकला की आपण शिव्या देतो, तशाच तो आपल्याला देत असतो.

घाटाबद्दल एकच. तुम्ही आज ना उद्या सिंहगडला जाणारच, जो तो जातो. अरुंद चढावर खाली येणाऱ्याने वर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा लेखी नियम आहे, घाटासाठीच केलेला. रविवारी गोळेवाडीपासून वरपर्यंत तो कोणाच्या गावी नसतो. गर्दी सुरू व्हायच्या आत, उजाडता उजाडता वर पोचा आणि उतरताना आपल्याच बाजूला राहा. वळणावर आत शिरणारे सायकलवाले मी गाडीवाल्यांइतकेच पाहिलेत. आणि हो, चढावर दम लागलेला असताना मोटरसायकल शेजारी लावून कोणीतरी विचारेलच, "कितीला घेतली?" मग "गिअर किती?" मग "एवढ्यात तर गाडी आली असती." मी आकडा सांगत नाही, "मुलाची आहे" म्हणते. मला मुलगा नाही.

भांडणांबद्दल. मीही भांडायचे. काही वर्षांपूर्वी एका मोटारीने मला दुभाजकाला दाबलं म्हणून पुढच्या सिग्नलला मी तिच्या टपावर थाप मारली आणि चार शब्द सुनावले. तो काच खाली करून बघत राहिला, काही बोलला नाही. मग माझ्या मागे मागे, सायकलच्या वेगाने, जवळपास दोन किलोमीटर आला. मी सोसायटीत न शिरता कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीत जाऊन उभी राहिले. इस्त्रीवाल्याने काही न विचारता स्टूल दिलं. गाडी दहा मिनिटं समोर उभी होती, मग गेली. सायकलवाला भांडणात नेहमी हरलेलाच असतो, त्याच्याकडे पत्रा नाही, वेग नाही, आणि पळून जायचं ठिकाण म्हणजे स्वतःचं घर. त्या दिवसानंतर मी फक्त तळहात उचलते, "अरे, मी आहे ना" एवढंच. बहुतेक वेळा समोरचा ओशाळतो. शिवी दिली असती तर ओशाळायची त्याची संधी गेली असती.

कॅमेरा लावायचा तर लावा, पण भांडणासाठी नको. अपघात झाला तर गाडीचा नंबर असणं फार कामाचं. मोटारीच्या थर्ड पार्टी विम्यात धडक बसलेला सायकलवालाही येतो आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते, हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं. "सायकलचा कुठे विमा असतो" म्हणून गप्प बसतात. धडक देणारा पळाला आणि सापडलाच नाही तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर इजेला पन्नास हजार मिळतात. फोन ११२, रुग्णवाहिका १०८. दुसरं कोणी पडलेलं दिसलं तर थांबा. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये वेगळं कलमच घातलंय, १३४-अ.

आता टेकडी. इथे तुम्हाला राग येणार आहे.

काठी आडवी घालणं चूकच. चाकात गेली असती तर तुम्ही तोंडावर पडला असता आणि आजोबाही. पण आजोबांना काय दिसलं ते बघा. वय समजा पंचाहत्तर. रोज त्याच वाटेने जातात. कान कमी झालेले. वाटेवर मुरूम सुटलेला, बारीक खडी, पाय घसरतोच. पाठीमागून कुईंऽऽ असा ब्रेकचा आवाज आणि उजव्या कोपराशी एक हँडल. ताशी वीसने तुम्ही सेकंदाला साडेपाच मीटर आलात, ते दीड मीटरही चालत नाहीत. तुम्ही पाच मीटरवरून घंटी दिली असेल तर त्यांना जेमतेम सव्वा सेकंद मिळाला. त्यात त्यांनी दचकायचं, वळायचं आणि वळताना ज्या खांद्यावरून बघतात त्या बाजूला सरकायचं, म्हणजे बरोबर तुमच्या वाटेत. मगाशी म्हटलं होतं ना लक्षात ठेवा म्हणून, ते हेच. या वयात खुब्याचं हाड मोडलं की चालणं संपू शकतं. तुम्ही त्यांच्या जवळून गेलात, फार जवळून नाही, तुमच्या मते पुरेशी जागा होती. सकाळी विद्यापीठ रस्त्यावर तुम्हाला कट मारणाऱ्या ट्रकवाल्याच्या मतेही पुरेशी जागा होती.

टेकडीवर ट्रक आपण असतो. चालणाऱ्यांचे धोके आपल्या अंगात नसतात, कारण आपण तिथे चालायला जातच नाही.

म्हणून पायवाटेचा जगभरचा रिवाज असा आहे की सायकलने सगळ्यांना वाट द्यायची आणि उतरणाऱ्याने चढणाऱ्याला. मी यात आपल्याकडचं थोडं घालते. घंटी पंचवीस-तीस मीटरवरून, एकदा. उत्तर नाही आलं तर वेग चालण्याइतका करून "काका, डावीकडून येतेय" असं तोंडाने. कानात गाणी असलेल्यांना तेही ऐकू येत नाही, मग थांबायचं. चौघी-चौघी ओळीने चालत असतील तर त्यांचं वाक्य संपू द्या, सुनेबद्दलचं असलं तर जरा जास्त वेळ लागतो. काही लोक गुडघ्यांना बरं म्हणून उलटे चालतात. ते तुम्हाला बघतात पण वाट बघत नाहीत, त्यांच्यापासून लांबच. पट्टा सोडलेला कुत्रा दिसला की उतरा, कुत्र्याच्या आणि तुमच्या मध्ये सायकल ठेवा आणि ढकलत चला. चाक थांबलं की पुष्कळशा कुत्र्यांचा रस संपतो.

वेळ निवडा. रविवारी सकाळी सहा ते साडेआठ टेकडी चालणाऱ्यांची आहे, असं धरूनच चाला. आठवड्यातल्या दिवशी जरा उशिरा जा. संध्याकाळी दिवेलागणीला नको. सायकल नेऊ नये अशी पाटी किंवा आडवा दांडा असेल तर वाद न घालता मागे फिरा, टेकड्यांचे बरेच भाग वनखात्याकडे आहेत.

आणि पावसाळ्यात दोन दिवस उघडीप मिळाल्याशिवाय मातीच्या वाटेवर चाक घालू नका. ओल्या मातीत टायरची जी चर पडते तिच्यातून पुढचा पाऊस वाहतो, महिनाभरात तिचा ओहोळ होतो आणि मग चालणारे शेजारून नवी वाट पाडतात. असं करत करत एका वाटेच्या तीन झालेल्या मी पाहिल्यात. डबकं असेल तर मधून जा, कडेने गवतातून नको. उतारावर मागचं चाक लॉक करून धुरळा उडवत थांबणं फोटोत छान दिसतं, पण तो मुरूम उचलून परत कोणी लावत नाही.

तुम्हाला एकच काम सांगते. येत्या रविवारी सायकल टेकडीच्या पायथ्याला कुलूप लावून ठेवा आणि त्याच वेळेला, त्याच वाटेने पायी जा. मागून फ्रीव्हीलची ती टिकटिक येईल. वाट अरुंद आहे तिथे मुद्दाम वळून बघू नका. पोटात काय होतं ते बघा. आजोबा भेटले तर नमस्कार करा, माफी वगैरे नाट्य नको. रोज दिसणारा माणूस चौथ्या वेळेला आपणहून बोलतो, असा माझा अनुभव आहे.

राहिली घंटी. इलेक्ट्रिक नको, पिंपपिंप करणारी रबरी नको. साधी पितळी, घुमटाची, जिचा नाद टण्ण करून थोडा लांबत जातो ती घ्या. दुकानात सगळ्याच बऱ्या वाटतात म्हणून घरी आणून बघा : आई स्वयंपाकघरात ओट्याशी पाठमोरी असताना बाहेरच्या खोलीतून एकदाच वाजवा. दचकून हातातला डाव पडला तर परत करा. "कोण आलंय रे?" म्हणाली तर तीच लावा.